बावीस डिग्री डावीकडे

माझ्या हाताखालून आजवर पावणेचार लाख गाड्या सरळ होऊन गेल्या आहेत. पावणेचार लाख! चाकणच्या कंपनीत गाडी पूर्ण जोडून झाली की ती सर्वांत शेवटी ज्या मशीनवर चढते, त्या मशीनवर मी चौदा वर्षं उभा आहे. चाकं सरळ आहेत का, स्टिअरिंग सरळ आहे का, हे तिथे ठरतं. म्हणजे ठरवतो मी. मशीन नुसतं दुजोरा देतं! पिंपळे गुरवात येऊन 'ज्योतीराम अलाइनमेंटवाले कुठे राहतात' असं विचारलंत, तर कुणीही घर दाखवेल. निदान माझा तसा समज आहे.

एवढं यश काही फुकट मिळत नाही. रोज शिफ्टची पहिली गाडी मशीनवर चढली की मी बटण दाबतो, डोळे मिटतो, डाव्या हाताने मशीनचा खांब धरतो आणि त्यावर कपाळ टेकतो. दहा सेकंद. मगच कामाला सुरुवात. त्या पहिल्या गाडीचं रीडिंग तेवढं रोज थोडं वाकडं येतं आणि ती दुसऱ्यांदा मोजावी लागते. पण सकाळी मशीन गार असतं, त्याला कोण काय करणार!

तर गोष्ट गेल्या महिन्यातली. आम्ही राहतो बबनअण्णांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. अण्णा खाली, जुन्या घरात. इथले मूळचे गावकरी. तरुणपणी पैलवान, नंतर बैलगाडा शर्यतीचे मालक. त्यांचा हरण्या नावाचा बैल आसपासच्या सगळ्या शर्यतीच्या घाटांवर गाजला होता. हरण्या गेला, शेतं गेली, शेतांवर इमारती आल्या. पण अण्णांचे दंड होते तसेच राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी डोंगरदगडांत चालणारी एक जीप घेतली आणि तिचंही नाव हरण्याच ठेवलं.

जीप घेतली अण्णांनी, पण तिच्यावर खरा जीव प्राजक्ताचा. प्राजक्ता ही अण्णांची एकुलती एक मुलगी. तळवड्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी चाकणच्या पुढे एका बंद खाणीत जाऊन दगडांवरून जीप चढवते. दोन वर्षं पोरगी तिथे धूळ खाऊन शिकली होती. पण त्याच जीपवर डोळा होता शेखरचा. शेखर अण्णांचा पुतण्या, प्लॉटच्या धंद्यातला. गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला न्यायचं तर जीपमधूनच, असं त्याचं म्हणणं. रोजची कटकट ऐकून अण्णा वैतागले आणि त्यांनी एकदाचा निकाल दिला.

"रविवारी खाणीत चढाची शर्यत हाय ना? प्राजे, तू टेकडीच्या वर पोचलीस तर जीप तुजी. न्हाई पोचलीस तर शेखरची. त्याच्यापुढं माज्यापाशी कुणी तोंड उघडायचं न्हाई!"

आणि बुधवारी संध्याकाळी प्राजक्ता रडवेल्या चेहऱ्याने आमच्या दारात उभी!

"दादा, हरण्या चढेना!"

"म्हणजे काय झालं?"

"मी गाडी सरळ चालवते. हातात स्टिअरिंग सरळ, चाकं सरळ. पण स्क्रीनवर येतं, स्टिअरिंग बावीस डिग्री डावीकडे! पिवळा दिवा लागतो आणि चढावर गाडी दमच सोडते."

मी मिशीवरून हात फिरवला. दुखणं सोपं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं की ड्रायव्हरने स्टिअरिंग डावीकडे वळवलंय, तरी गाडी सरळ चाललीय, म्हणजे नक्की घसरतेय! मग तो बिचारा आपल्याला वाचवायला इंजिनाचा जोर काढून घेत होता आणि वर ब्रेक मारत होता. सपाट रस्त्यावर चालून जातं. खडकाळ चढावर मात्र अशी गाडी हटून बसणार!

"कधीपासून होतंय?"

"तीन आठवडे झाले. बॅटरी बदलली तेव्हापासून. मेकॅनिक अंगणातच आला होता. स्टिअरिंगचं शून्य पण इथेच सेट करून गेला. आता सर्व्हिस सेंटरवाले पुढच्या आठवड्यातली तारीख देतायत, आणि शर्यत रविवारी!"

"त्याने शून्य चुकीचं घेतलं, दुसरं काय! उद्या गुरुवार, मला साप्ताहिक सुट्टी. अर्ध्या तासात करून देतो. अर्धा तास म्हणजे चहा धरून!"

आमची रुपाली आतून म्हणाली, "अहो, दिवाळीत पंखा पण अर्ध्या तासातच होणार होता ना? तो अजून पलंगाखाली आहे."

संसारात असे आवाज येत राहतात. मी लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी निगडीच्या एका मित्राचा स्कॅनर आणला आणि अंगणात जीपला जोडला. काम अगदी साधं होतं. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकं सरळ करायची, स्कॅनरचं बटण दाबायचं. मग इंजिन बंद, चावी तशीच आत, आणि दहा मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी पुन्हा बटण. त्या क्षणी चाकं जिथे असतील, ते गाडीचं नवं शून्य!

पहिलं बटण दाबलं, एवढ्यात अण्णांची बायको, म्हणजे आमच्या अंबुबाई काकू, दारात आल्या.

"चहा टाकलाय. आत या."

"काकू, काम झाल्यावर घेतो ना."

"आमच्या दारात गाडीला हात लावलेला माणूस चहाबिगर ऱ्हात न्हाई. तो बॅटरीवाला मेकॅनिक बी आत बसूनच पिऊन गेला. तुमी तर घरातले!"

दहा मिनिटं रिकामीच होती. आत गेलो. अण्णांनी मला पाटावर बसवलं, "आलोच, भैरोबाला हात जोडून" म्हणाले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने आले, धोतराला हात पुसले आणि दोन कप चहा प्यायले. मी बाहेर येऊन रुबाबात दुसरं बटण दाबलं.

"घे प्राजक्ता, फिरवून आण!"

प्राजक्ता गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेली आणि सरळ परत आली. चेहरा मात्र उतरलेला.

"दादा, बावीस."

"कुठे?"

"डावीकडे."

शेखर फाटकाला टेकून शेंगदाणे खात होता. म्हणाला, "काय भावा, चौदा वर्षं कंपनीत नक्की करता काय? गाड्या पुसता का?"

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली! त्या दिवशी मी आणखी दोन तास गाडीखाली पडून होतो. काहीही सापडलं नाही, एक जुना चमचा सोडला तर.

शुक्रवारी पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून उतरलो तो थेट अंगणात. बसमध्ये मी नवा सिद्धांत मांडला होता. स्टिअरिंगचं चाकच दांड्यावर एखादा दात पुढे-मागे बसलेलं असणार! बॅटरी काढली, पाऊण तास थांबलो, स्टिअरिंग उघडलं. दात अगदी खुणेवर होते. पुन्हा सगळं बसवलं, बॅटरी जोडली, आणि...

पॅंऽऽऽऽऽऽऽ!

हॉर्न! थांबेचना! मी हॉर्नवर बुक्की मारली, आवाज वाढल्यासारखा वाटला. स्टिअरिंग फिरवलं, बॉनेट उघडलं, बॉनेट लावलं. गल्ली गोळा झाली. पलीकडच्या सोजराबाई धावत आल्या, "अगं बया, कुटं लागलीय आग?" दोन पोरं आमच्यासमोर नाचू लागली, त्यांना वाटलं मिरवणूक आहे. कुणी म्हणालं गाडी मागे घ्या, कुणी म्हणालं पुढे घ्या. एकाने तर मला बाजूला ओढून विचारलं, "दादा, लग्न कुणाचं?"

वीस मिनिटांनी ज्ञानदेवकाका आले. काका तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होते.

"अहो, त्याचा फ्यूज काढा की!" काका म्हणाले.

फ्यूज काढला. शांतता झाली. पावणेचार लाख गाड्या सरळ करणाऱ्या माणसाला हे पोळ्या लाटणाऱ्या माणसाने सांगावं! गर्दी हसत पांगली. मी निमूटपणे हॉर्नची सरकलेली स्प्रिंग बसवली, फ्यूज परत लावला, चाकं सरळ केली आणि स्कॅनरचं पहिलं बटण दाबलं. काकूंनी आज माझी दया येऊन चहाबरोबर पोहेही केले होते. अण्णा "आलोच" म्हणून भैरोबाला हात जोडायला गेले. मी पोहे खाल्ले, बाहेर आलो, दुसरं बटण दाबलं. प्राजक्ता गल्लीत गेली आणि आली.

तिने नुसती दोन बोटं दाखवली. मग पुन्हा दोन बोटं.

शनिवारी दुपारी बसमधून उतरून अंगणात आलो तर शेखर मेजरटेप घेऊन जीपच्या मागच्या काचेची लांबी-रुंदी मोजत होता! 'शेखरशेठ प्लॉटिंग' असा स्टिकर त्याने करायला टाकला होता. प्राजक्ता बादलीत फडकं बुडवून हरण्या धूत होती. पाठवणी करावी तशी, सावकाश, कोपरा न् कोपरा.

"राहू द्या दादा," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. उद्या मी नेणार तर आहेच. चढेल तेवढा चढेल."

ती हे इतक्या चांगुलपणाने म्हणाली, की मला स्वतःची लाज वाटली. पोरीची दोन वर्षांची मेहनत माझ्या फुशारकीपायी खड्ड्यात चालली होती. मी नसतो तर तिने दुसरा माणूस तरी शोधला असता! मी जीपच्या सावलीत, ओल्या फरशीवर बसकण मारली आणि पहिल्यांदाच, फुशारकी बाजूला ठेवून, विचार केला.

बावीस. मेकॅनिकने केलं, बावीस. मी केलं, बावीस. पुन्हा केलं, बावीस! खराब झालेलं यंत्र असं वागत नाही हो! खराब यंत्र एकदा वीस दाखवेल, एकदा तीस, एकदा काहीच नाही. कंपनीत दर वेळी नेमका तोच आकडा चुकीचा आला, की आम्ही यंत्र सोडतो आणि यंत्राजवळ कोण उभं असतं ते बघतो. सवय यंत्राला नसते, माणसाला असते!

आणि माझं लक्ष पुढच्या चाकाखाली गेलं. शहाबादी फरशीवर काळा, अर्धगोल डाग होता. चाक जागच्या जागी फिरवल्यावर रबर घासून पडतो तसा. एकावर एक, कितीतरी वेळा पडलेला!

प्राजक्ता बादली घेऊन आत गेली, शेखर फाटकाबाहेर गेला, तसा मी उठलो. चाकं सरळ केली, पहिलं बटण दाबलं आणि मोठ्याने ओरडलो, "काकू, चहा टाका!"

आत जाऊन बसलो. चहा आला. "फोन गाडीत राहिला" म्हणून मी कपबशीसकट बाहेर सटकलो, हळूच जीपच्या मागच्या सीटवर शिरलो आणि खाली वाकून बसलो.

दोन मिनिटं झाली. पावलं वाजली. दार उघडलं. अण्णा! त्यांनी आधी उजवीकडे, गल्लीपलीकडे दिसणाऱ्या भैरोबाच्या कळसाला नमस्कार केला. मग बाह्या सारल्या, बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडलं आणि "हूंऽऽ!" करून उजवीकडे फिरवलं. बंद गाडीचं स्टिअरिंग फिरवताना माझ्यासारख्याचे खांदे निखळतील. अण्णांनी ते जात्याच्या खुंट्यासारखं फिरवलं. मग खाली उतरले, एक डोळा मिटून चाकाच्या रेषेत कळस बघितला, पुन्हा वर येऊन स्टिअरिंग एक बोटभर सरकवलं आणि पुढच्या पत्र्यावर प्रेमाने थाप मारली.

"हां! बस आता, हरण्या."

"अण्णाऽऽ!" मी ओरडलो. सगळा चहा माझ्या मांडीवर!

अण्णा केवढ्याने तरी दचकले. "कोन हाय रं हरण्याच्या पोटात?"

"मी, ज्योतीराम! अण्णा, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? त्वांड देवाकडं केलं! आमच्यात जनावर बांधलं का त्याचं त्वांड भैरोबाकडं करत्यात. बैल व्हता तवा बी करायचो, आता बी करतो. अंगण अरुंद, आख्खी गाडी वळत न्हाई, म्हनून नुसती चाकं वळवतो."

"रोज?"

"गाडी उभी ऱ्हायली की. अन् परक्याचा हात लागला तर लगीच! नजर लागती."

"मेकॅनिक आला होता, तेव्हा?"

"तो आत चहा पीत व्हता की!"

मी कपाळाला हात लावला. आम्ही चाकं सरळ करून आत जात होतो, अण्णा ती भैरोबाकडे वळवत होते, आणि आम्ही बाहेर येऊन, न बघताच, त्या वळलेल्या चाकांना शून्य म्हणून शिक्का मारत होतो! मग सरळ चालताना गाडी बावीस डिग्री डावीकडे दाखवणार नाही तर काय करणार? आणि अण्णांचा नेम बैलगाड्याच्या घाटावर घडलेला; एक डिग्रीसुद्धा इकडची तिकडे नाही!

प्राजक्ताला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली. "अण्णा, फक्त दहा मिनिटं सरळ राहू द्या!"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "शर्यतीच्या आदल्या दिशी देवाकडं पाठ? ते जमायचं न्हाई. तू वर जावंस असं मला वाटत न्हाई व्हय? म्हनून तर रोज न चुकता वळवतोय!"

घ्या! पोरगी चढावी म्हणून बाप ज्या प्रेमाने झटत होता, त्याच प्रेमाने तिचा चढ बंद पडला होता. तिकडे शेखर मेजरटेपचा पट्टा बाहेर काढत होता आणि सटकन आत सोडत होता.

आणि मंडळी, इथे मी चमकलो!

"अण्णा," मी म्हणालो, "चाकं भैरोबाकडे हवीत, मान्य. चाकं सरळ हवीत, हे माझं. मग आख्खी गाडीच भैरोबाकडे तोंड करून उभी केली तर?"

"अंगणात वळत न्हाई म्हनलं ना."

"अंगणात कशाला? देवळापुढे नेऊ! तिथली फरशी कॅरमबोर्डासारखी सपाट आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग मला असं छातीशी धरलं, की बरगड्यांनी कुरकुर केली.

पाच मिनिटांत हरण्या भैरोबाच्या समोर उभा. नाक कळसाच्या रेषेत, चाकं सरळ, स्टिअरिंग सरळ. मी बटण दाबलं. दहा मिनिटं! काकूंनी चहा तिथेच आणला. अण्णा हात पाठीमागे बांधून जीपच्या शेजारी उभे राहिले. त्यांचे हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं; कुस्तीतही एवढा घाम त्यांना आला नसेल. शेखर जवळ येऊ लागला तर अण्णा गरजले, "हात लावू नगंस!" मी दुसरं बटण दाबलं. प्राजक्ता जीप घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत गेली. परत येताना हॉर्न वाजवतच आली. खिडकीतून हात बाहेर, बोटांचा गोल केलेला.

शून्य! शून्य पॉइंट शून्य! अण्णांनी देवळाची घंटा इतकी जोरात वाजवली, की सोजराबाई पुन्हा धावत आल्या.

रविवारी सगळी गल्ली खाणीवर लोटली. मी रजा टाकली होती. समोर तो चढ. उभा कातळ, वर भुसभुशीत मुरूम. आधीच्या सात गाड्यांपैकी पाच अर्ध्यातून परत आल्या. मग हरण्या आला. अर्ध्यावर, जिथे तो हल्ली दम सोडायचा, तिथे मागचं चाक फिरलं, धुळीचा लोट उठला. मी डोळे मिटले. पिवळा दिवा लागला तर संपलं!

दिवा लागला नाही. इंजिन गुरगुरलं, चाकाने दगड धरला. आणि माझ्या कानाशी अण्णांची आरोळी फुटली, "भिर्रर्रर्रऽऽऽ! उचल हरण्याऽऽ!"

पाठोपाठ आख्खी गल्ली, "भिर्रर्रऽऽऽ!" रुपालीसुद्धा! आणि हरण्या असा वर गेला, जसं काही वर त्याची वैरण ठेवली होती. टेकडीच्या टोकावर प्राजक्ता बॉनेटवर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. अण्णा लहान मुलासारखे रडत होते. "माजी पोरगी! माजा हरण्या!"

जीप प्राजक्ताची झाली. शेखरने मोठ्या मनाने तिला पेढा भरवला. पण स्टिकर छापून आला होता, तो त्याने आपल्या छोट्या गाडीला लावला. तो मागच्या काचेवर असा पसरलाय, की शेखरशेठना आता मागचं काहीच दिसत नाही.

आणि मला? मला अण्णांनी देवळापुढे गुलाबी फेटा बांधला! नारळ दिला! ज्ञानदेवकाकांनी स्वतः हार घातला. रुपाली म्हणाली, "अहो, फेटा शोभतोय हं तुम्हाला." पंख्याचं नाव निघालं नाही. माणसाला याहून काय हवं!

सोमवारी सकाळी कंपनीत गेलो तो कानामागे गुलाल तसाच ठेवून. सगळ्या लाइनला गोष्ट सांगितली. "सवय यंत्राला नसते, माणसाला असते," हे वाक्य चार-पाचदा ऐकवलं. क्वालिटीला नवीन आलेली स्वरूपा नावाची इंजिनिअर पोरगी शांतपणे ऐकत होती.

एवढ्यात पहिली गाडी मशीनवर चढली. मी बटण दाबलं, डोळे मिटले, डाव्या हाताने खांब धरला, कपाळ टेकलं. रीडिंग थोडं वाकडं आलं.

"मशीन गार आहे," मी म्हणालो.

"सर," स्वरूपा म्हणाली, "मी सहा महिन्यांची रीडिंग काढलीत. तुमच्या शिफ्टची पहिली गाडी रोज वाकडी, आणि रोज नेमकी तेवढीच. दुसऱ्या कुणाच्या शिफ्टला होत नाही."

"म्हणजे?"

"मोजणारा कॅमेरा त्याच खांबावर आहे, सर. आधी नमस्कार करून बघता का? मग बटण?"

मी आधी नमस्कार केला. हात काढला. मग बटण दाबलं.

शून्य.

चौदा वर्षं! चार हजारांहून जास्त गाड्या मी दोन-दोनदा मोजल्या! हल्ली मी लांबूनच हात जोडतो. पण हे तुमच्याजवळच राहू द्या, अण्णांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांनी फेटा परत मागितला तर? रुपालीने तो कौतुकाने घडी घालून, पलंगाखाली त्या पंख्यावर ठेवलाय!